निळा ठिपका आणि कशेळे नाका
हातातला नकाशा : लेखांक ५

उपग्रहांच्या संदेशांवरून फोन आपली जागा कशी काढतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. काढलेली जागा माणसाला नीट कळते का, हे आज पाहू.

कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळे लागतं. आंबिवलीला, म्हणजे कोथळीगडाच्या पायथ्याला, आणि खांडसला इथूनच जातात. एका मित्राला मी कशेळ्याला बोलावलं होतं. दुपारी त्याचा फोन आला, "खाडीचा पूल ओलांडला, आता कुठं वळू?" तो भिवंडी तालुक्यातल्या कशेळीत पोहोचला होता. आणखी एक कशेळी राजापूर तालुक्यात, कनकादित्याच्या मंदिराची. फोनवर रोमन लिपीत शोधताना कशेळे आणि कशेळी यांत शेवटच्या एका अक्षराचाच फरक उरतो, दोन्ही कशेळींत तर तोही नाही. तालुका दिसतो, पण खालच्या ओळीत, बारीक आणि करड्या अक्षरांत. आपण पत्ता लिहिताना 'मु. पो. कशेळे, ता. कर्जत' असं लिहितो. तालुका हा नावाचाच भाग आहे. पडद्यावरही तो नावाइतकाच ठळक हवा.

पुढे डोंगराच्या कुशीत रेंज गेली की लोक म्हणतात, जीपीएस बंद पडलं. बंद पडत नाही. आपली जागा दाखवणारा निळा ठिपका उपग्रहांमुळे दिसतो, त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती ठिपक्याखालचं चित्र उतरवायला. म्हणूनच कोऱ्या पडद्यावरही ठिपका आपल्याबरोबर सरकत राहतो. 'जागा कळतेय, नकाशा उतरवलेला नाही' एवढं एक मराठी वाक्य तिथं उमटलं, तर माणूस घाबरणार नाही. तोवर नाक्यावर रेंज असतानाच पुढचा भाग फोनमध्ये उतरवून घ्यावा.

ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ असतं. त्याचा अर्थ, तुम्ही बहुधा या वर्तुळात कुठंतरी आहात. मोकळ्या आभाळाखाली ते काही मीटरचंच असतं. कड्याखाली गेलात की अर्धं आभाळ झाकतं, संदेश कातळावर आपटून येतात आणि वर्तुळ फुगतं. भर उन्हात ते फिकट निळं दिसतच नाही, डोळ्यांत भरतो फक्त ठिपका. जंगलात दोन पायवाटा फुटतात तिथं वीस-तीस मीटरची चूक म्हणजे चुकीची वाट. हे वर्तुळ ठळक काढलंच पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

अंतराची गोष्ट याहून अवघड. खांडसहून भीमाशंकर नकाशावर अगदी शेजारी दिसतं, 'जवळपास'च्या यादीतही येतं. पण मधे सह्याद्रीची भिंत उभी आहे. चढायला शिडी घाट आणि गणेश घाट या पायवाटा. गाडीनं जायचं तर पुण्याच्या अंगानं शंभर किलोमीटरहून जास्त वळसा. पावसाळ्यात शिडी घाटातला निसरडा कातळ जिवावर बेततो. नाक्यावर कुणालाही विचारा, भीमाशंकर किती लांब? उत्तराआधी तो विचारेल, "चालत जाणार की गाडीनं?" फोननंही आकडा दाखवण्याआधी हेच विचारायला हवं.