दोहा ते दोहा: हाजिमे मोरियासु

जपानच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक हाजिमे मोरियासु खेळाडू म्हणून 35 आंतरराष्ट्रीय सामने खेळले आणि त्यांत गोल केला एकच. काझुयोशी मिउरासारख्या गोलवीराच्या काळात एवढ्या भांडवलावर नाव होत नसे. 1968 साली जन्मलेले आणि नागासाकीत वाढलेले मोरियासु 1987 मध्ये हिरोशिमाच्या माझदा संघात आले. व्यावसायिक जे-लीग तेव्हा सुरूही झाली नव्हती. डच प्रशिक्षक हान्स ऑफ्ट यांनी त्यांना तिथेच पारखले आणि 1992 मध्ये राष्ट्रीय संघ हाती येताच बोलावून घेतले. हे नाव बहुतेकांना नवीन होते.

बचावफळीच्या पुढे राहून समोरच्या संघाचा हल्ला सुरू होतो तिथेच तोडायचा आणि चेंडू जवळच्या सहकाऱ्याकडे सोपवायचा, हे त्यांचे काम. ते जितके चोख होई, तितके प्रेक्षकांच्या नजरेतून सुटे.

28 ऑक्टोबर 1993 रोजी दोहामध्ये इराकविरुद्ध जपान 2-1 ने पुढे होता. जिंकला असता तर पहिल्यांदाच विश्वचषकाला गेला असता. भरपाईच्या वेळेत इराकने कॉर्नरवरून बरोबरी साधली. तेव्हा मोरियासु मैदानातच होते. विश्वचषकात खेळण्याची संधी त्यांना पुढेही मिळाली नाही.

सान्फ्रेचे हिरोशिमा (पूर्वीचा माझदा संघ) या आपल्या जुन्या क्लबचे ते 2012 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. आधीचे प्रशिक्षक मिखाइलो पेट्रोविच यांची तीन बचावपटूंची रचना त्यांनी मोडली नाही, उलट तिचा बचाव घट्ट केला. दुसऱ्याचे चांगले काम पुढे नेण्याचा हा समंजसपणा प्रशिक्षकांत दुर्मीळच. क्लबने 2012, 2013 आणि 2015 मध्ये जे-लीग जिंकली.

2018 मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. कतार विश्वचषकाच्या अंतिम पात्रता फेरीत पहिल्या तीनपैकी दोन सामने गेले, तेव्हा त्यांना हटवण्याची मागणी झाली. पण जपान पात्र ठरला, आणि 2022 च्या विश्वचषकात त्याच दोहा परिसरात जर्मनीविरुद्ध मध्यंतराला 0-1 अशी पिछाडी होती. मोरियासुंनी एक बचावपटू वाढवला, मग एकामागून एक आक्रमक उतरवले. रित्सु दोआन आणि ताकुमा असानो या बदली खेळाडूंच्या गोलांनी जपान जिंकला. कोस्टारिकाकडून हरल्यावर टीका झाली, पण पुढे स्पेनही 2-1 ने हरला. क्रोएशियाने पेनल्टी शूटआउटमध्ये जपानला बाहेर काढले, तेव्हा मोरियासुंनी प्रेक्षकांपुढे कमरेत वाकून अभिवादन केले. ते छायाचित्र जगभर पोचले.

विश्वचषकानंतरही पदावर कायम राहिलेले ते जपानचे पहिले प्रशिक्षक. जपानबाहेर मात्र काओरु मितोमा किंवा ताकेफुसा कुबो या खेळाडूंची नावे आजही अधिक परिचित आहेत, आणि हा मोरियासुंवर अन्यायच आहे. मार्च 2025 मध्ये बहारीनला हरवून, यजमान वगळता, 2026 च्या विश्वचषकासाठी सर्वांत आधी पात्र ठरला तो त्यांचाच संघ. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टोकियोत 0-2 अशा पिछाडीवरून या संघाने ब्राझीलला 3-2 ने हरवले. जपानचा ब्राझीलवरचा तो पहिलाच विजय होता.