महालक्ष्म्यांची आरास आणि घरातलं रांगतं लेकरू

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना तो घरातल्या मोठ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचाय त्यांच्यासाठी, नेहमीसारखा लिहून ठेवतोय. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच आहे.

सणाची सजावट आणि लहान बाळ असं काही नेटवर शोधलं की सगळं ख्रिसमस ट्रीबद्दल येतं. झाड भिंतीला बांधा, काचेचे गोळे वरच्या फांद्यांना लावा, भोवती जाळी ठेवा. सल्ला चांगलाय. पण परभणीत, सेलूत, गंगाखेडात, जिंतुरात बहुतेक घरांत ते झाड कुठंय? आपल्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो, तुम्ही ज्यांना गौरी म्हणता त्या. अनुराधा नक्षत्रावर येणार, ज्येष्ठावर जेवणार, मुळावर जाणार. आणि त्या तीन दिवसांत घरात जे उभं राहतं ते लेकराच्या नजरेनं बघितलं तर ख्रिसमस ट्रीच आहे. उंच, वरून जड, खाली अरुंद, अंगावर लायटिंगच्या माळा आणि पायाशी चकाकणाऱ्या बारीकसारीक वस्तू.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. आरास खेळण्यांसारखी दिसते, पण ती खेळणी म्हणून बनवलेली नसते. आपल्याकडं १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तुकडे निघतात का, कडा धारदार आहेत का, हे तपासून मग तो मार्क मिळतो. पण हार, फुलं, चमकते दिवे, प्लास्टिकची फळं ही शोभेची वस्तू म्हणून विकली जातात. युरोपियन युनियनच्या २००९ च्या खेळण्यांच्या नियमात तर सरळ लिहिलंय की सणासमारंभाच्या सजावटीच्या वस्तू खेळणी धरायच्या नाहीत. म्हणजे तुमच्या दीड वर्षाच्या लेकराला जे सगळ्यात जास्त खेळण्यासारखं वाटतं, ते लेकराच्या हातात जाईल असं धरून कुणी बनवलेलंच नाही. "अरे, त्याला हात लावू नको" हे नऊ महिन्यांच्या जीवाला कळत नाही. दीड वर्षाच्याला कळतं, पण थांबता येत नाही. म्हणून शिकवण लेकराला नाही, आराशीला द्यायची.

आता उभारणीकडं येऊ. साधारण नऊ-दहा महिन्यांचं लेकरू धरून उभं राहायला शिकतं. कशाला धरून? आईच्या साडीला. पदर दिसला की धरायचा, निरी दिसली की ओढायची, हे ते रोज करतं आणि रोज आई त्याला उचलून घेते. आणि एक दिवस समोर दोन नव्या बायका उभ्या, नव्या साड्या, जमिनीला टेकलेल्या निऱ्या. ते तिथं जाणारच. ओढणारच. फक्त इथं साडीच्या आत आई नाही, पाइपचा स्टँड आहे. वर पितळी मुखवटा, गळ्यात दागिने, म्हणजे सगळं वजन वरच्या टोकाला. अशी वस्तू पडताना ओढणाऱ्याच्याच अंगावर पडते.

जुन्या पत्र्याच्या कोठ्या ज्यांच्याकडं आहेत त्यांनी त्या काढाव्यात. कोठीत गहू नाहीतर ज्वारी भरायची पद्धत काही घरांत अजून आहे. धान्य म्हणजे लक्ष्मी हा भाव आहेच, पण पंधरा-वीस किलो वजन बुडाशी बसतं हाही फायदा आहे. घडीचे हलके स्टँड आले, ठेवायला सोपे झाले आणि बुडाचं वजन गेलं. स्टँडच असेल तर पायांवर धान्याच्या नाहीतर वाळूच्या पिशव्या ठेवा, साडीत झाकून जातात. आणि मानेपासून मागं एक मजबूत दोरी थेट खिडकीच्या गजाला बांधा. पडद्यामागं कुणाला दिसतसुद्धा नाही. मागच्या पडद्याचा जो पाइपचा सांगाडा असतो तोही बांधायचा, कारण माळ ओढली की तोच आधी येतो.

उभारणी झाली की एक करा. लेकराच्या उंचीवर निरी धरा आणि खरोखर ओढा. देवी हलली तर काम राहिलंय.

"टेबलावर मांडली की झालं, हात पोचत नाही," असं बरेच जण म्हणतात. टेबलावर चादर असते आणि चादरीचं टोक लोंबतं. ते ओढलं तर समईसकट सगळं खाली. टेबल घ्यायचंच असेल तर चादर आत दुमडून खालून पिना मारा. पिना म्हटलं की अजून एक. दोन साड्या नेसवायला किती सेफ्टी पिना आणि टाचण्या लागतात हे नेसवणाऱ्या मावशींना विचारा. मोजून द्या, मोजून परत घ्या.

आता ज्यासाठी हा भाग केला ती गोष्ट. बटन सेल.

बाजारात छोटे एलईडीचे दिवे मिळतात, पिवळी ज्योत लुकलुकते, तेल नको, वात नको. लेकरू आहे म्हणून समईऐवजी हेच दिवे आणणारे आईबाप मला माहितीयत, विचार चांगलाच आहे. पण बऱ्याच दिव्यांच्या बुडाशी नाण्यासारखा चपटा सेल असतो. त्यातला सीआर २०३२ हा प्रकार २० मिलिमीटर रुंद आणि ३ व्होल्टचा. लहान लेकराच्या अन्ननलिकेत अडकायला हीच रुंदी घातक. बऱ्याच जणांना वाटतं की सेल फुटतो आणि ॲसिड बाहेर येतं. तसं नाही. सेल अख्खाच असतो. ओल्या नळीच्या भिंतीत तो अडकला की त्याच्या दोन बाजूंमधून त्या ओलाव्यातून वीज वाहते, आणि एका बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा जाळणारा क्षार तयार होत जातो. दोन तासांत भिंत गंभीर भाजू शकते. सेल काढल्यावरही जखम आत खोल जात राहते. आणि "संपलेला" सेल? दिवा लागत नाही इतका संपलेला सेलही हे करू शकतो.

अमेरिकेत टेक्सासमध्ये रीस हॅमस्मिथ नावाची दीड वर्षाची मुलगी डिसेंबर २०२० मध्ये यानंच गेली. सेल रिमोटमधला होता. तिच्या आईनं पाठपुरावा केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्याच नावानं तिकडं कायदा झाला. घरगुती वस्तूतल्या बटन सेलचं झाकण स्क्रूनं बंद हवं, नाहीतर दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी केल्याशिवाय उघडायला नको. आपण दुकानात उभं राहून तेच बघू शकतो. दिवा उलटा करा. झाकणाला स्क्रू आहे? घ्या. नख घातलं की उघडतंय? परत ठेवा, दहा रुपयांना मिळत असला तरी. गाणं वाजवणारी खेळणी, लाइटवाली पावलं, कारची चावी, वजनकाटा, सगळीकडं हाच सेल असतो.

लेकरानं गिळल्याची शंका जरी आली तरी थांबायचं नाही. लाळ गळणं, खायला नको म्हणणं, खोकला, छाती धरणं अशी लक्षणं असतात, आणि कधी काहीच नसतं. उलटी करवायची नाही, दूध-भात-केळं काही द्यायचं नाही. एक वर्षाच्या वरचं लेकरू असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध जखमेचा वेग कमी करतो, इलाज नाही, म्हणून मध शोधत बसू नका. दवाखान्यात पहिलं वाक्य "बटन सेल असू शकतो" हेच सांगा, कारण एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो. नीट बघितलं तर कडेला दुहेरी कडं दिसतं. सोनपेठ-पालमच्या गावातून आधी परभणी आणि मग पुढं नांदेडला जायची वेळ आली, तर दोन तास रस्त्यातच संपतात. "सकाळपर्यंत बघू" याला इथं जागाच नाही.

मधाचं निघालंच आहे तर, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यात कधीकधी बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि इतक्या लहान आतड्यात ते वाढू शकतात. म्हणजे पंचामृताचं बोटही नको. हे घरात सांगणं अवघडंय, मला मान्य आहे. एक सोपा तोडगा म्हणजे बाळासाठी नैवेद्यातला साधा वरण-भात मऊ करून वेगळा काढायचा. प्रसाद तर झाला.

बाकीचं भराभर सांगतो. शोभेच्या काचेच्या वाटीत पाण्यात फुगणारे रंगीत मणी टाकतात, ते लेकरू असलेल्या घरात आणूच नका. पोटात गेले की आत फुगतात, आतडं बंद करू शकतात आणि साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. कापूर खडीसाखरेसारखा दिसतो, पण लहान मुलाला थोड्याशा कापरानंही काही मिनिटांत झटके येऊ शकतात. डबी वरच्या फळीवर. वर्षानं माळ्यावरून साड्या-पडद्यांची पेटी उतरवली की डांबरगोळ्या घरंगळत येतात. पेटी लेकरू झोपल्यावर, दुसऱ्या खोलीत उघडा. गणपतीच्या पत्रीतल्या एकवीस पानांत धोत्रा, रुई आणि कण्हेर असते, तिन्ही विषारी. चढवलेली पत्री खाली सांडली की लगेच उचला. देवीसमोरच्या फराळातले शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे चार वर्षांपर्यंत नकोतच, श्वासनळीत जातात. शेंदरात पारंपरिकरीत्या शिसं असतं. आणि लायटिंगची माळ थेट २३० व्होल्टवर चालणारी घेण्यापेक्षा यूएसबीवर, पाच व्होल्टवर चालणारी घ्या. चावली तरी जीवावर येत नाही. मात्र तिचं ॲडॉप्टर चांगलं हवं, आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको.

समई? समईला पर्याय नाही असं बहुतेक घरांत म्हणतात, आणि मी त्यावर वाद घालणार नाही. ती हात न पोचेल अशी लावता येते. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको.

खरी अडचण दोरी किंवा सेल नाहीच, घरातलं बोलणं आहे. "देवीपुढं असलं कुंपण कुठं असतंय का?" हे वाक्य ठरलेलं. सून म्हणून तुम्ही एकटीनं हे लढवू नका. नवऱ्यानं आपल्या आईशी बोलावं, आणि ऐन पूजेच्या दिवशी नाही, चार दिवस आधी. मला विचाराल तर "आई, हे चुकतंय" असं म्हणण्यापेक्षा "आई, कोठीत पूर्वीसारखे गहू भरू या का?" असं विचारलं की काम लवकर होतं. देवीपुढं बसवतात ती तिची दोन लेकरं दाखवा. त्यांच्या गळ्यातल्या बारीक मण्यांच्या माळांवर आपल्या लेकराचा पहिला डोळा असतो, त्या थोड्या वर मांडा म्हणा.

आणि राखण. पूजनाच्या दिवशी घरात वीस-पंचवीस माणसं असतात, त्यामुळं लेकराकडं कुणीच बघत नसतं. प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून नाव घेऊन ठरवा. अकरा ते बारा काका, बारा ते एक मावशी. ज्याची पाळी त्याचा फोन खिशात. रील नंतर काढा. पुरण शिजतंय, आंबील उतरतंय, सोळा भाज्या चाललेल्यात, अशा वेळी बायकांवरच लेकरू सोडणं हे मला तरी पटत नाही.

घशात काही अडकलं आणि लेकराला खोकता-रडता येत नसेल, तर एका वर्षाच्या आतल्याला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीच्या मधोमध पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. वर्षाच्या वरच्याला पाच थापा आणि मग बेंबीच्या वर पाच झटके. वस्तू दिसत नसेल तर तोंडात बोट घालू नका, ती आत जाते. एकानं हे करायचं, दुसऱ्यानं १०८ लावायचा. विषबाधेसाठी दिल्लीच्या एम्सचा फोन आहे, १८०० ११६ ११७. हे दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

शेवटचं, विसर्जनाच्या दिवसाचं. मुखवटे उतरले, घर दमलेलं, सगळे आवराआवरीत. लेकरू त्या दिवशी जमिनीवर सगळ्यात मोकळं असतं. दिवे आधी गोळा करा. सेल काढून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, डबीत बंद करा. पिना मोजा. मग मोबाइलचा टॉर्च जमिनीला आडवा टेकवून खोलीभर फिरवा. मणी असेल, टाचणी असेल, त्याची लांब सावली पडते आणि लगेच दिसते. सोफ्याखालीही फिरवा.