आडनाव कळलं, नाव नाही!

पासिर रिसला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात गेल्या शनिवारी रात्री, मोठा पाऊस पडून गेल्यावर, दिव्याभोवती पंखवाले किडे जमले. बायको म्हणाली, "वाळवी तर नाही ना?" भाड्याचं घर, मालकाची लाकडी कपाटं. माझ्या पोटात गोळाच आला. लेकीने मात्र त्यातला एक डबीत पकडला आणि विचारलं, "बाबा, ह्याचं नाव काय?"

आधी वाळवीची भीती घालवली. वाळवीचे चारही पंख साधारण सारखे, कंबर जाड आणि मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या. आमच्या पाहुण्याचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. म्हणजे मुंगीच! फोनमधल्या अ‍ॅपने सांगितलं, 'कॅम्पोनोटस', म्हणजे कार्पेंटर अँट. या मुंग्या लाकूड पोखरून घर करतात, पण वाळवीसारखं लाकूड खात नाहीत. आपल्याकडे गुळाच्या ढेपेला लागणारा काळा मुंगळाही याच 'आडनावाचा'.

फोनला भिंग लावून पाहिलं. डोकं लहान, डोळे मोठे, कपाळावर आणखी तीन बारीक डोळे, अंग सडपातळ. राणी याहून चांगलीच जाडजूड असते. मिशीचे भाग तीनदा मोजले, १३ भरले. कामकरी मुंगीला १२ असतात. म्हणजे हा नर.

आणि इथेच घोडं अडलं. कॅम्पोनोटसच्या जगभरात हजाराहून जास्त जाती आहेत आणि त्या ओळखायच्या खुणा बहुतेक कामकरी मुंग्यांवरून ठरवलेल्या. नर वर्षातून थोडेच दिवस बाहेर दिसतो, म्हणून कित्येक जातींच्या नराचं वर्णनच झालेलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस कामकऱ्यांचा आणि क्वेरी नराची! खात्री हवी तर नर त्याच्या वारुळातच कामकऱ्यांसोबत सापडायला हवा, नाहीतर डीएनए जुळवायचा किंवा त्याचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे.

लेकीला हे पटेना. मग तिला एक गंमत सांगितली. नर मुंगळा फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, म्हणून त्याला बाबा नसतात. "पण आजोबा असतात," मी म्हणालो, "आईचे बाबा." तिने लगेच सांगलीला आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. ते हसून म्हणाले, "मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आमची आई म्हणायची." नराच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. उड्डाण झालं की थोड्याच दिवसांत त्याचं आयुष्य संपतं.

सकाळी डबीतला मुंगळा मेलेला होता. लेक बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाव नसलेलाच गेला." मी तिला चिठ्ठी लिहायला सांगितली: 'कॅम्पोनोटस, नर, पासिर रिस, दिव्याजवळ, पावसानंतर' आणि तारीख. जातीची जागा कोरी ठेवली. मनाला येईल ते नाव भरण्यापेक्षा कोरी जागा बरी, हे मला नोकरीतही उशिराच कळलं.

येत्या रविवारी आम्ही पार्कातल्या खारफुटीकडे जाणार आहोत, कामकरी शोधायला. पकडायचं नाही, फक्त फोटो.