जुने टीव्ही गेम, नवे एम्युलेटर : अपडेटमध्ये नेमकं काय बदलतं?



तुमच्यापैकी ज्यांची शाळा १९९० च्या दशकात झाली, त्यांना टीव्हीला जोडायचा तो ‘टीव्ही गेम’ नक्की आठवत असेल. समुराई, लिटल मास्टर अशी नावं असायची, पिवळ्या नाहीतर काळ्या कॅसेटा असायच्या, आणि कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. आत खरे गेम चार-पाचच, तेच पुन्हा पुन्हा! ही यंत्रं म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्राच्या नकला होत्या. आपल्याकडे मूळ यंत्र फार कमी लोकांनी पाहिलं. आपण वाढलो ते नकलेवरच.

आज तेच मारिओ, कॉन्ट्रा आणि बदकवाला गेम मुलांच्या हातात मोबाइलवर दिसतात. ते ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्याला एम्युलेटर म्हणतात. गेम तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा असतो, तो काही बदलत नाही. पण एम्युलेटरला मात्र दर काही आठवड्यांनी अपडेट येतं. ‘सर, गेम जुनाच आहे, मग अपडेट कशाला?’ हा प्रश्न मुलं विचारतात आणि प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट दिलं तर गणित, विज्ञान आणि संगणक या तिन्ही विषयांना हात घालता येतो, म्हणून हा लेख.

एम्युलेटर म्हणजे काय?

पोहरादेवीला येणाऱ्यांना नंगारा वस्तुसंग्रहालय माहीत आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. बंजारा समाजाचा वारसा जपणारी ती नगाऱ्याच्या आकाराची इमारत मुलांना फार आवडते. आता विचार करा. दागिना, पेहराव, भांडं या वस्तू काचेआड ठेवून जपता येतात. लेंगीचं तसं नाही. ती कोणी गायली तरच ती लेंगी. कागदावर लिहून ठेवली तर शब्द उरतील, पण होळीच्या रात्रीचा ठेका उरणार नाही.

गेमचंही असंच आहे. कॅसेट काचेआड ठेवली तर प्लास्टिकचा तुकडा दिसेल, गेम दिसणार नाही. गेम चालवावाच लागतो. आणि तो ज्या यंत्रासाठी लिहिला ते यंत्र आज बनत नाही. तेव्हा त्या यंत्राची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करायची : त्याचा प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, आवाज काढणारी चिप, सगळ्यांची. गेमला वाटलं पाहिजे की आपण आपल्या जुन्या घरीच आहोत. हाच एम्युलेटर.

ही गरज किती मोठी आहे बघा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा त्या देशात निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात विकत मिळतच नव्हते. म्हणजे ते खेळायचे तर जुनं यंत्र शोधा नाहीतर एम्युलेटर वापरा.

‘चालतो’ आणि ‘बरोबर चालतो’ यातला फरक

अपडेटच्या यादीत सगळ्यात जास्त ओळी दुरुस्त्यांच्या असतात. त्या वाचायला रुक्ष, पण खरी गंमत तिथेच आहे.

एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. सुपर निन्टेन्डो यंत्रावर स्पीडी गोन्झालेस नावाचा उंदराचा गेम होता. एम्युलेटरवर तो छान चालायचा. पण सहाव्या भागातल्या एका बटणाला उंदीर लागला की गेम गोठायचा. पुढे जाताच येईना. खऱ्या यंत्रावर मात्र काहीच अडचण नव्हती.

कारण मजेशीर होतं. गेम लिहिणाऱ्यांच्या हातून एक चूक झाली होती : गेम मेमरीतल्या अशा पत्त्यावरून आकडा वाचत होता जिथे काहीच नव्हतं. रिकाम्या घराचं दार वाजवल्यासारखं. पण खऱ्या यंत्रात तारांवर शेवटचा गेलेला आकडा क्षणभर रेंगाळलेला असतो, तो उत्तर म्हणून परत येतो. शिवाय त्याच वेळी चित्रासाठी दुसरी माहिती त्याच तारांवरून ये-जा करत असल्याने तो आकडा बदलत राहायचा, आणि गेम पुढे सरकायचा. एम्युलेटरला ही रेंगाळण्याची सवय माहीत नव्हती. त्यामुळे गेम बदलणाऱ्या आकड्याची वाट बघत तिथेच बसायचा. बीस्नेस नावाच्या एम्युलेटरने यंत्राची ही लहानशी खोड जशीच्या तशी उतरवली, तेव्हा तो उंदीर पुढे गेला.

म्हणजे यंत्राची नक्कल करायची तर त्याच्या खोडींचीही नक्कल करावी लागते. याची किंमतही असते. २०११ च्या सुमारास बीस्नेस नीट चालवायला ३ गिगाहर्ट्झच्या घरातला प्रोसेसर लागायचा. मूळ यंत्राचा प्रोसेसर साडेतीन मेगाहर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ हजारपट कमी वेगाचा! शाळेच्या संगणक कक्षात जुने संगणक असतील तर हे ध्यानात ठेवा. सगळ्यात अचूक एम्युलेटर तिथे अडखळेल, आणि थोडा कमी अचूक सुरळीत चालेल.

आपला मारिओ सावकाश का धावायचा?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात आपली गोष्ट आहे.

जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा. भारतातला टीव्ही सेकंदाला ५० वेळा. मूळ गेम ६० च्या हिशेबाने लिहिलेले. आपल्यासारख्या ५० च्या देशांसाठी ज्या नकली मशिनी बनल्या, त्यांतल्या पुष्कळांत एक तडजोड होती : प्रोसेसरचा वेग जवळजवळ जपानी यंत्राइतकाच ठेवायचा, पण चित्रं सेकंदाला ५० च द्यायची. गेममधलं चालणं, उडी मारणं, संगीताचा ठेका हे सगळं चित्रांच्या मोजणीवर बेतलेलं असतं. त्यामुळे सूर तोच राहिला, लय मात्र संथ झाली. गवई तोच, पण द्रुतऐवजी मध्य लयीत गातोय असं समजा.

आता हे फळ्यावर मांडा. सुपर मारिओच्या पहिल्या भागात घड्याळ ४०० पासून उलटं चालतं. त्याचा एक आकडा कमी व्हायला २४ चित्रं, म्हणजे २४ फ्रेम लागतात. एकूण ४०० × २४ = ९६०० फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर १६० सेकंद. सेकंदाला ५० असतील तर १९२ सेकंद. म्हणजे त्या मशिनीवर खेळणाऱ्या आपल्या मुलांना जपानी मुलांपेक्षा ३२ सेकंद जास्त मिळत होते! सातवीच्या मुलांना वेग आणि गुणोत्तर शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

एम्युलेटर बनवणाऱ्यांनी ही गोष्टही सोडली नाही. रशियात अशीच नकली मशीन ‘डेंडी’ नावाने घरोघरी होती. एफसीईयूएक्स आणि मेसेन या एम्युलेटरमध्ये एनटीएससी आणि पाल यांच्या जोडीला ‘डेंडी’ हा तिसरा पर्याय दिलेला आहे. तो निवडला की गेम त्या नकली मशिनीच्या लयीत चालतो. आणखी एक बारकावा. काही नकली चिपांमध्ये आवाजाच्या लाटांचे दोन प्रकार आपसात बदलले गेले होते, त्यामुळे संगीत जरा वेगळं, किंचित चिरकं वाजायचं. या एम्युलेटरमध्ये ती चूकही मुद्दाम चालू करता येते. मूळ यंत्र जपणं ठीकच, पण गरिबाघरच्या नकलेचीही कोणी एवढी दखल घ्यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

नव्या सोयी

दुरुस्त्यांनी गेम मूळ रूपाजवळ जातो. सोयी मात्र मूळ यंत्रात नव्हत्याच.

सेव्ह स्टेट ही सगळ्यात जुनी सोय. त्या क्षणीची यंत्राची सगळी अवस्था फाइलमध्ये साठवायची आणि हवी तेव्हा तिथून पुढे खेळायचं. त्या टीव्ही गेमची मुख्य मेमरी फक्त २ किलोबाइट होती, त्यामुळे ही फाइल अगदी लहान असते. हीच अवस्था दर काही फ्रेमला साठवत गेलं की रिवाइंड मिळतं. मारिओ खड्ड्यात पडला, मागे घ्या, पुन्हा उडी मारा. पालकांना माझा सल्ला : लहान मुलांना रिवाइंड जरूर द्या, पण कधी कधी बंद करूनही खेळू द्या. जुने गेम अवघडच केलेले होते. ती अडचण सोसण्यातली मजा मुलांनाही कळते.

रन-अहेड ही सोय रेट्रोआर्च या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ मध्ये आली. बरेच गेम बटण दाबल्यावर एक-दोन फ्रेम उशिरा हालचाल दाखवतात. आजच्या टीव्ही-मोबाइलचा उशीर त्यात मिसळला की उडी चुकते. रन-अहेडमध्ये एम्युलेटर आतल्या आत दोन फ्रेम पुढे धावून बघतो, तिथलं चित्र आपल्याला दाखवतो आणि परत मागे येतो. हे सगळं एका फ्रेमच्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात. आधी सेव्ह स्टेट होतं म्हणून रिवाइंड झालं आणि रन-अहेडही झालं. एका कल्पनेतून दुसरी कशी फुटते ते मुलांना दाखवायला हे चांगलं आहे.

काही सोयी मात्र दुधारी असतात. मूळ यंत्र एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवू शकायचं, जास्त झाली की ती लुकलुकायची. एम्युलेटरमध्ये ही मर्यादा काढता येते. पण काही गेमकारांनी याच मर्यादेचा उपयोग पात्र लपवायला केला होता. मर्यादा काढली की लपवलेलं उघडं पडतं!

बदकवाल्या गेमची बंदूक आठवते का? ‘डक हंट’, १९८४ चा. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतून काहीच सुटत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग असतो, तो बघतो की समोर पांढरं आहे का. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं, त्यामुळे आजच्या सपाट टीव्हीवर ती जुनी बंदूक चालत नाही. एम्युलेटर माउसला किंवा बोटालाच बंदूक बनवतो. प्रकाशाचा धडा शिकवताना हे जरूर सांगा. बंदूक गोळी मारत नाही, ती ‘बघते’, हे ऐकून वर्ग एकदम जागा होतो.

रेट्रोआर्चमध्ये पडद्यावरचा मजकूर ओळखून भाषांतर करून देण्याची सोयही आहे. तिला इंटरनेट लागतं. आमच्या तांड्यांवरची मुलं घरी गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गेमच्या पडद्यावर इंग्रजी. स्टार्ट, सिलेक्ट, गेम ओव्हर हे शब्द कित्येकांना पहिल्यांदा तिथेच भेटतात. यंत्राकडून भाषांतर घेण्याआधी मुलांनाच वहीत तीन रकाने पाडायला सांगा : इंग्रजी, मराठी, गोरमाटी. ‘कंटिन्यू’ला घरी काय म्हणतात यावर अर्धा तास चर्चा होते.

पालकांनी काय बघावं?

एम्युलेटर बनवणं-वापरणं आणि गेमची फाइल कुठूनही उतरवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामलाही साहित्यकृतीसारखं संरक्षण आहे, आणि मारिओसारख्या गेमचा हक्क अजून बरीच वर्षं संपणार नाही. म्हणून शाळेत तरी फुकटच्या साइटवरच्या फाइली नकोत. पर्याय आहेत. मेम हा आर्केड यंत्रांचा एम्युलेटर १९९७ पासून चालू आहे. त्याच्या अधिकृत साइटवर रॉबी रोटो, ग्रिडली असे काही जुने गेम हक्कदारांच्या परवानगीने, नफ्याशिवाय वापरायला ठेवलेले आहेत. जुन्या यंत्रांसाठी नव्याने लिहिलेले हौशी गेमही मिळतात.

मोबाइलवर ‘जुने ५०० गेम’ अशा नावाची जाहिरातींनी भरलेली अॅप दिसतात. गेम खेळायला फोनबुक आणि लोकेशनची परवानगी कशाला हवी? ती मागणारं अॅप काढून टाका. रेट्रोआर्च फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत. फक्त त्याचे मेनू पहिल्यांदा डोकं फिरवतात, तेवढी तयारी ठेवा.

आणि एक महत्त्वाचं. अपडेट करण्याआधी मुलाला गेमच्या आतल्या सेव्हने प्रगती जपायला सांगा. सेव्ह स्टेटची फाइल ज्या आवृत्तीत बनली त्या आवृत्तीशी बांधलेली असते. एम्युलेटरच्या आतली मांडणी बदलली की ती नव्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. गेमच्या आतलं सेव्ह मात्र सहसा टिकतं. ज्या गेममध्ये तशी सोयच नाही, मारिओसारख्या, तिथे तो भाग संपवून मगच अपडेटचं बटण दाबावं. महिनाभराचा खेळ गेला की लेकरू जेवत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.