विंचूदंश आणि महाडचे डॉ. बावस्कर

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात वृश्चिकांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग सांगितले असून त्यांची संख्या अनुक्रमे १२, ३ व १५, म्हणजे एकूण ३० दिली आहे. अगदतंत्राचे अध्ययन केलेल्या प्रत्येक वैद्यबंधूस हा पाठ परिचित आहे. परंतु महाविष वृश्चिकाचा दंश झालेले बालक मध्यरात्री दारात आणले जाते, तेव्हा पाठांतर किती उपयोगी पडते हे ज्याचे त्यालाच ठाऊक. अमळनेर परिसरात कडब्याच्या गंजीत, विटांच्या ढिगाखाली, पावसाळ्याच्या तोंडावर तर घरातसुद्धा विंचू निघतो. म्हणून कोकणातील एका ग्रामीण डॉक्टरांचे कार्य आम्ही या अंकी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ साली जालना जिल्ह्यातील देहेड या गावी शेतकरी कुटुंबात झाला. (आमच्या खानदेशातील बाविस्कर आडनावाशी वाचकांनी घोटाळा करू नये.) दारिद्र्यातून शिक्षण घेत त्यांनी नागपूरहून एम.बी.बी.एस. पदवी मिळविली. त्या वाटचालीचे वर्णन त्यांच्या ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात आले आहे. १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. येथेच लाल विंचवाने त्यांना गाठले!

त्या काळी लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. वेदनेने कोणी मरत नसे, मृत्यू येई तो फुप्फुसात पाणी साचून. धडधाकट मूल घामाने निथळते, वांत्या करते, त्याचे हातपाय थंडगार पडतात आणि काही तासांत तोंडाला फेस येऊन ते जाते. गावकरी याला दैव म्हणत. बावस्करांनी मात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची टिपणे ठेवली. वांत्या, भरपूर घाम, थंड हातपाय, पुरुषांत शिस्नाचे ताठर होणे ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. प्रयोगशाळा नसलेल्या केंद्रातून निघालेला तो लेख होता. केवळ दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांवर उभा राहिलेला, आपल्या त्रिविध परीक्षेच्या जातकुळीचाच म्हणा ना.

विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि हृदय त्या भाराखाली थकते. ही गाठ सोडविणारे औषध त्यांना रक्तदाबाच्याच एका साध्या गोळीत, प्राझोसिनमध्ये सापडले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी याविषयीचा अनुभव १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे या गोळीचा वापर रूढ झाल्यावर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास उतरले. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांची ७० रुग्णांवरील तुलना आली. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर जोडीला विंचूविषरोधक लस दिलेल्या ३५ पैकी ३२.

सुदूर वेल्समध्ये, ग्लिनकॉरग नावाच्या कोळसाखाणीच्या गावात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट (१९२७–२०१८) यांनी असेच कार्य केले. साऱ्या गावाचा रक्तदाब मोजून त्यांनी कौटुंबिक दवाखान्याला संशोधनाचे स्थान मिळवून दिले. जेथे वैद्यकीय सेवेची गरज अधिक तेथे ती दुर्मीळ, हा त्यांचा ‘व्यस्त सेवेचा नियम’ १९७१ चा. बिरवाडीला या नियमाचे वेगळे उदाहरण शोधावे लागले नसते. आमच्या मते बावस्करांचे काम अधिक अवघड होते. हार्ट यांच्यामागे सरकारी आरोग्यसेवेचा भक्कम आधार होता, बिरवाडीत एका खाटेवर दोन रुग्ण असत तरी नवल नव्हते.

२०१३ च्या सुमारास एका रुग्णाच्या तपासणीनंतर एका निदान केंद्राकडून त्यांना ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून १२०० रुपयांचा धनादेश आला. याचा सरळ अर्थ कट. त्यांनी तो वटविला नाही, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आणि प्रकरण उघडपणे लिहिले. अशी पाकिटे आपल्या व्यवसायातही फिरतात, हे आम्ही कोणास नव्याने सांगावयास नको. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. प्राझोसिनची गोळी महाग नाही, परंतु रोजच्या खपाची नसल्याने ती मांडणीवरून हलते आणि नेमकी ऐन वेळी मिळत नाही. वैशाखापासून दिवाळीपर्यंत ती दुकानात असेल इतके पाहावे. चिठ्ठीवाचून ती अर्थातच देऊ नये. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णास निजवूनच ठेवावे लागते आणि बालकास उचलून उभे धरणेही धोक्याचे ठरते. वैद्यबंधूंनी दंशस्थानी लेप लावून थांबू नये. घाम आणि थंड हातपाय दिसताच गाडी मागवावी, दंशाची वेळ व लक्षणे कागदावर लिहून तो कागद रुग्णासोबत ग्रामीण रुग्णालयात धाडावा.