आधी काय, नंतर काय? : दूरस्थ प्रयोगांचे कार्यकारण

आमच्या बदनापूर भागात शेतीची लाईट पुष्कळदा रात्री येते. विंचूकाट्याच्या भीतीने मी विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवला. घरून फोन लावला की मोटार सुरू. एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेले, रेंज नव्हती, बंद करण्याचा आदेश वेळेत पोहोचला नाही. मोटार जळाली. वायंडिंग भरताना मिस्त्री म्हणाला, "चालू फोनवरून करा, पण बंद व्हायची अक्कल विहिरीपाशीच ठेवा."

हाच नियम जगातील सर्वांत मोठ्या संमीलन प्रयोगालाही लागू आहे. फ्रान्समधील कादाराश येथे 'ईटर' उभारले जात आहे. हायड्रोजनची भावंडे, म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम, 15 कोटी अंश सेल्सिअसला तापवून त्यांची केंद्रके एकत्र आणायची, हा त्याचा हेतू. भारत या प्रकल्पाचा सदस्य आहे. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आपल्या वाट्याचे काम सांभाळते. ईटरच्या अवाढव्य क्रायोस्टॅटचे भाग गुजरातेत हजिरा येथे घडले.

प्रयोग फ्रान्समध्ये, शास्त्रज्ञ सात सदस्यांच्या देशांत. म्हणून जपानमधील रोक्काशो येथे ईटरसाठी दूरस्थ प्रयोग केंद्र उभारले आहे. अंतर सुमारे 10 हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. म्हणजे संदेश जायला 50 आणि उत्तर यायला 50, अशी किमान 100 मिलिसेकंद लागतात. प्लाझ्मा बिघडला तर त्याची उष्णता काही मिलिसेकंदांत भिंतीवर आदळू शकते. कोणतेही सॉफ्टवेअर ही तफावत भरून काढू शकत नाही, कारण कारणाचा संदेश प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही.

म्हणून कामाची वाटणी करतात. चुंबकांचे क्षणोक्षणीचे नियंत्रण आणि संरक्षण यंत्रापाशीच राहते. दूरचा शास्त्रज्ञ पुढच्या 'शॉट'ची मांडणी सुचवतो आणि झालेल्या शॉटची मोजमापे तपासतो. अनेक प्रयोगशाळांत वापरली जाणारी 'एमडीएसप्लस' ही प्रणाली प्रत्येक शॉटला क्रमांक देऊन त्याची मांडणी आणि मोजमापे एकाच वृक्षात साठवते. काय ठरवले होते आणि काय घडले, याचा हिशेब त्यामुळे एकत्र राहतो.

आता प्रश्न पडतो, की हा आधी-नंतरचा क्रम अढळ आहे का? 2012 साली ओरेश्कोव्ह, कोस्टा आणि ब्रुकनर यांनी दाखवले, की पुंज यांत्रिकीचे नियम स्थानिक पातळीवर पाळूनही घटनांना निश्चित क्रम नसणे गणितात शक्य आहे. 'पुंज स्विच' या मांडणीत अ नंतर ब आणि ब नंतर अ या दोन्ही शक्यता एकाच वेळी नांदतात. 2015 मध्ये व्हिएन्नात प्रकाशकणांवर असा प्रयोग झाला. त्यातून खरोखर क्रमच अनिश्चित ठरतो का, यावर वाद आहे. मात्र भूतकाळात निरोप धाडण्याची मुभा या स्विचमधून मिळत नाही. जळालेली मोटार त्याने वाचली नसती.

आता माझ्या स्टार्टरला पाणी संपताच मोटार तोडणारे यंत्र जोडले आहे. रेंज असो वा नसो, ते काम करते.