खांबाला परवानगी, टॉवरला मोकळीक

गेल्या महिन्यात गिरगावातल्या खोताचीवाडीतले आणखी एक ओळखीचे कुटुंब वसईला राहायला गेले. दादोबा वामन खोतांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना इथे जागा दिल्या, तिथपासूनचा इतिहास पर्यटकांना रोजच ऐकवला जातो. मला बोलायचे आहे ते 1995 नंतरच्या वर्षांबद्दल.

त्या वर्षी बृहन्मुंबईची वारसा नियमावली आली, देशातली पहिलीच. वाडी वारसा परिसर ठरली. आता बिल्डर इथे फिरकणार नाही, असे आम्ही गिरगावकर छातीठोकपणे सांगत होतो. मग नियम वाचला. दुरुस्ती, गिलावा, अगदी रंगकामालाही आयुक्तांची पूर्वपरवानगी, आणि तीही वारसा समितीच्या सल्ल्याने.

समोरच्या आंटींच्या ओटीचा सागवानी खांब बुडाशी कुजला होता. नखाने खरवडले तरी भुसा पडायचा. दुरुस्तीचा अर्ज केला, तर नकाशे काढा, फोटो जोडा, पुन्हा या. अर्ज फिरत राहिला आणि पावसाळा आला. शेवटी खांबाला लोखंडी टेकू लागला, मंगलोरी कौलांवर निळी ताडपत्री आली. मालकांसाठी कागदावर टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, होता. पण जुन्या सागाचे आणि सुताराचे पैसे आज, आत्ता कोण देणार?

आणि 1999 मध्ये सरकारने काय केले? श्रेणी तीनमधल्या आणि वारसा परिसरांतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास समितीच्या परवानगीतून वगळला. म्हणजे आंटींनी खांबासाठी खेटे घालायचे, आणि पागडीची चाळ मुळासकट पाडून टॉवर उभारणाऱ्याने समितीला विचारायचेही नाही! याचा राग अजून गेलेला नाही. वाडीत कधीकाळी 65 घरे होती, आज तिशीच्या आत आहेत. विकून गेलेल्यांना लोक स्वार्थी म्हणतात. ज्यांनी वर्षानुवर्षे गळके छप्पर सांभाळले, त्यांना मी तरी तसे म्हणणार नाही.

2012 च्या प्रस्तावित वारसा यादीत शिवाजी पार्क आले, तेव्हा तिथले रहिवासी विरोधात उतरले. त्यांना वारशाची कदर नाही, अशी टीका झाली. आपल्यालाही असेच खेटे घालावे लागतील, ही त्यांची भीती मला कळत होती.

हल्ली वाडी वाचवण्याच्या गप्पा पुन्हा रंगतात. वाचवायचीच असेल तर मालकांना घरपट्टीत सूट द्या, चुन्यासाठी आणि लाकडासाठी दुरुस्ती निधी उभारा, आणि कौला-खांबांच्या अर्जांचा निकाल मे महिन्याच्या आत लावा.